धनपालअण्णांचा डबल बेस

सई, ईशान,

तळमजल्यावरचे धनपालअण्णा गेले. फोनवर मी सांगितलं तेव्हा ईशानने विचारलं, "ते फेमस होते ना, आजी?" तुमची शाळेला निघायची गडबड चालली होती, म्हणून मी "हो, थोडेसे," म्हणून विषय संपवला. पण ते उत्तर बरोबर नव्हतं आणि गेले दोन आठवडे ते मला टोचतंय. म्हणून आता सावकाश लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, मला हल्ली लिहायला लागतो. कुणालाच घाई नाही.

तुम्ही त्यांना पाहिलंत मागच्या मे महिन्यात. उंच, किंचित वाकलेले, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. पांढरा सदरा आणि पायजमा, तोही इस्त्रीचा. डाव्या हाताच्या बोटांची टोकं चपटी आणि टणक झाली होती. सईने ती दाबून बघितली आणि "लाकूड!" म्हणून ओरडली. अण्णांनी हात मागे घेतला नाही. "दाब की," म्हणाले. "दुखत न्हाय. दुखायचं कवाच संपलं."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात तो डबल बेस उभा असे. व्हायोलिनच्या आकाराचा, पण माणसाहून उंच. त्याच्यावर निळी चादर, कमरेला सुतळी बांधलेली. नवा दूधवाला आला की पहिल्या दिवशी दचकायचाच. सुमतीवहिनी, म्हणजे अण्णांची पत्नी, जाऊन पंधराहून जास्त वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अण्णा स्वतः स्वयंपाक करायचे. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे आणि सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपलेलं असे. थंडीत साडेपाचलाच त्यांच्या कुकरची शिट्टी व्हायची. मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे तेव्हाही हेच. बँडमधले बाकीचे लोक कार्यक्रम संपवून मग हॉटेलात जेवायचे. हे मात्र संध्याकाळीच नोकरांच्या जिन्यात बसून डबा खाऊन मोकळे. लोक हसायचे का, म्हणून मी एकदा विचारलं. "हसायचे की. पर डब्यातली चटणी संपवून हसायचे," म्हणाले.

ते मूळचे कबनूरचे. घरचे यंत्रमाग होते. वर्तमानपत्रवाल्यांना हे फार आवडायचं. मागाच्या खटखटीतून याला ताल सापडला, असं एकाने लिहूनही टाकलं होतं. अण्णा त्यावर चिडायचे. "कसला ताल? मागाच्या आवाजानं कान बधिर हुत्यात. माझा थोरला भाऊ चाळिशीत बहिरा झाला. मी पळून गेलो म्हणून वाचलो." पळाले ते मुंबईला, एका नातलगाच्या कापडाच्या दुकानात. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक गोव्याचे म्हातारे गृहस्थ वाद्यं शिकवायचे. सगळे व्हायोलिन मागायचे. डबल बेसला कुणी हात लावत नसे, म्हणून तो रिकामा असायचा, म्हणून अण्णा तो शिकले. यात आणखी काही कारण असेल असं मला वाटायचं. पण कितीदाही विचारलं तरी त्यांचं उत्तर हेच.

मुंबईतली कामं आटली तेव्हा पन्नाशीच्या आत ते परत आले. कोल्हापूरपर्यंत वाद्य रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून आलं. पुढे एसटी. तो प्रसंग ते स्वतः सांगायचे, आणि फार कमी प्रसंग ते स्वतः सांगायचे, म्हणून लिहिते. चादरीत गुंडाळलेलं ते धूड बघून कंडक्टर दारात आडवा झाला.

"पावणं, मयत हाय काय ह्यात?"

"न्हाय. पर लई दमलेलं हाय. सावकाश चढवा."

कंडक्टरने वाद्याचं पूर्ण तिकीट फाडलं. अण्णाही हट्टाला पेटले. तिकीट काढलंय तर सीट पायजे की, म्हणून त्यांनी बेसला खिडकीशी बसवलं. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. तिने उभ्या उभ्या सगळी गाडी धुऊन काढली. "माणसं हुबी आणि गाठोडं बसलंय! लाज हाय का?" मग म्हातारी बेसच्या जागेवर बसली आणि अण्णा बेसला मिठी मारून कबनूरपर्यंत उभे.

नंतर काही वर्षं त्यांनी भावाच्या मागांवर देखरेख केली. सुमतीवहिनींच्या आजारपणात दवाखाना जवळ हवा म्हणून कोल्हापुरात आले, आमच्या खाली. नाताळात चर्चमध्ये वाजवायचे, कधी एखाद्या ऑर्केस्ट्रात. शिकायला फारसं कुणी आलं नाही. "बेस ऐकू येत नाही," असं मी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं, तर ते खूश झाले. "बराबर. आमचं काम जमिनीचं. चालणाऱ्याचं ध्यान जमिनीकडं गेलं म्हंजे समजायचं ठेच लागली."

आता गाण्यांबद्दल. हेमांगिनीबाईंचं नाव तुमच्या आईच्या पिढीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. सिनेमातली गाणी, मागे पन्नास वाद्यांचा ताफा, लग्नात कर्ण्यावरून दिवसभर तीच. पण पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांनी फार गाजावाजा न करता दोन दिवसांत दहा गाणी वेगळ्याच तऱ्हेने गायली. मागे फक्त चार माणसं: पियानो, सॅक्सोफोन, ड्रम आणि डबल बेस. चाल तेवढी ठरलेली. बाकी एकमेकांकडे बघत वाजवायचं, एकाने वाट सोडली की दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं. याला जाझ म्हणतात, हे तुम्ही मला शिकवाल. गाताना बाईंचा आवाज अगदी लहान, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगितल्यासारखा. तबकडी निघाली आणि कुणी घेतली नाही. लोकांना त्यांची मोठ्या आवाजाची बाई हवी होती.

इथे एका कॉलेजच्या आवारातून छोटं एफ. एम. केंद्र चालतं. पिकांवरची औषधं, परीक्षांची वेळापत्रकं, भजनं, असं सगळं. ऋतुजा ते चालवते. मुरगूडची, आता पस्तिशीची, एके काळी माझी विद्यार्थिनी. तिला ही तबकडी जुन्या सामानाच्या ढिगात मिळाली. 'चार वादक, एक आवाज' या नावाने दर रविवारी दुपारी चारला दोन-दोन गाणी लावायची, असं तिने ठरवलं. पाकिटामागचा इंग्रजी मजकूर समजावून घ्यायला ती माझ्याकडे आली. मी वाचत गेले. खाली बारीक अक्षरांत वादकांची नावं होती. डबल बेसच्या पुढे डी. मगदूम.

मी चष्मा काढून पुसला. "अगं, हे खाली राहतात."

"कोण खाली राहतंय, मॅडम?"

"हे. मगदूम. तळमजल्यावर."

ती चप्पल न घालता जिना उतरली. मी गुडघे सांभाळत पोचले तोवर तिने पाकीट अण्णांच्या हातात दिलं होतं. "अण्णा, हे तुमीच का?" अण्णांनी पाकीट उलटं केलं, नावं वाचली, पुन्हा सुलटं केलं. मग तिला परत दिलं.

"व्हय. नाव माझंच हाय."

त्यानंतरचे तीन रविवार मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. चारला दहा कमी असताना ते वर यायचे, दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसायचे. सोफा त्यांना चालत नसे. गाणं सुरू झालं की खालच्या आवाजात टिपणी चाले. "ह्यो पियानोवाला एका पायातला बूट काढून वाजवायचा. दोन्ही बूट घातलं की चुकायचा." "आता सॅक्सोफोनवाला वाट चुकलाय बघा. बाईंनी हसून घेतलं, ऐका." खरंच, गाता गाता त्या हसल्या होत्या आणि ते तसंच ठेवलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं ते हसू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलं.

चौथ्या रविवारी 'धीमी ट्राम' लागलं. बंद झालेल्या ट्रामबद्दलचं गाणं. सुरुवातीला अर्धं मिनिट फक्त डबल बेस आहे, बाकी कुणी नाही. मला संगीतातलं कळत नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात मी हातातली भाजी निवडायची थांबले. कुणी जड माणूस रिकाम्या रस्त्याने, मुळीच घाई न करता घरी निघालाय, असं काहीतरी. गाणं संपल्यावर ऋतुजाचा आवाज आला, "श्रोतेहो, हा डबल बेस आपल्या कबनूरच्या माणसाचा!"

मी वळून बघितलं. अण्णा खुर्चीत नव्हते. गॅलरीत, माझ्याकडे पाठ करून उभे होते. रडत असतील असं समजून मी गेले नाही.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. केंद्राला फोन आले. कुणीतरी ते अर्धं मिनिट मोबाइलवर सगळीकडे पाठवलं. त्यांच्या समाजाच्या मंडळाने सत्कार ठरवला. कबनूरहून पुतण्या अजित आला, दारातूनच बोलत.

"काका, बॅनर छापाय दिलाय. धा बाय आठ. तुमचा फोटो आणि शेजारी त्यो तुमचा मोठा तंबोरा."

"रद्द कर."

"आता कसं रद्द? हॉल सांगितलाय, पावणं बोलिवल्यात."

"मग तूच बस जाऊन स्टेजवर."

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांनी जिन्यात गाठलं. "अण्णा, नाटकं कशाला करतासा? घ्या की शाल. थंडीत पांघराय हुईल." सगळे हसले. मीही त्यांना रागावले. म्हटलं, एवढा विनय बरा नव्हे, लोकांचा आनंद मोडू नये. शिक्षिका असल्याची ही एक खोड, उत्तर माहीत नसतानाही सुधारत बसायची.

त्या आठवड्यात एका सकाळी ते वर आले. बसले नाहीत.

"वैनी, ते मी वाजिवलेलं न्हाय."

"काय?"

"ट्राम. पयल्या दिवसाची सहा गाणी माझी. दुसऱ्या दिवसाची चार मिंगेलची."

मग बसले. बराच वेळ लागला सांगायला, मध्ये दोनदा दूध गरम केलं मी. थोडक्यात सांगते. वादकांमध्ये बदली पाठवायची पद्धत होती. एखाद्या दिवशी यायला जमणार नसेल तर आपल्या तोडीचा माणूस पाठवायचा. तो तुमच्या खुर्चीवर बसायचा, कागदावर नाव मात्र तुमचंच राहायचं. वाजवणाऱ्यांना सगळं ठाऊक असायचं, कंपनीच्या कारकुनाला विचारायची गरज वाटत नसे. मिंगेल हा अण्णांचा मित्र, त्याच म्हाताऱ्या गृहस्थांकडे शिकलेला, चंदगडकडचा. रेकॉर्डिंगचा दुसरा दिवस नेमका अनंत चतुर्दशीला आला. अण्णा जैन. त्यांच्यात भाद्रपदात पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दहा दिवस दशलक्षण पर्व असतं, उपासतापास असतात, आणि चतुर्दशीला घरी येईन असा शब्द अण्णांनी आईला दिला होता. पहिल्या दिवशी वाजवून ते रात्रीच्या गाडीने निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर मिंगेल बसला. कारकुनाने नावांचा कागद पहिल्याच दिवशी भरून ठेवला होता, पाकिटावर तोच छापला गेला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा सांगायची सोय न्हवती. कंपनीला कळलं असतं तर दोघांचं बी काम गेलं असतं. तबकडी निघाली, तवा मिंगेल नाव बघून हसला. म्हणला, मगदूम, झकास वाजिवलंस! आमी दोघं बी हसलो. वर्षभरानं एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरनं ती ट्राम ऐकली. मला बोलवून घेतलं, कायमची नोकरी दिली. तितं मात्र मी हसलो न्हाय. आणि सांगितलं बी न्हाय."

"मिंगेलना कळलं?"

"कळलं म्हंजे? नोकरीच्या पयल्या दिवशी त्योच मला पोचवाय आलता. हॉटेलच्या दारापतोर बेस त्येनंच उचलला."

"काही बोलले?"

"काय बी न्हाय." अण्णा आपल्या बोटांकडे बघत होते. "शिव्या दिल्या असत्या तर मी बी चार दिल्या असत्या. भांडण हुऊन मिटलं असतं."

मिंगेलला पुढे कामं मिळाली, तुटक तुटक. मग तो गावी परत गेला, काजूची झाडं होती तिथे. दहा वर्षांपूर्वी वारला. अण्णांना ते कुणाकडून तरी उडत उडत कळलं.

"नोकरी लागली त्या साली बी चतुर्दशी झाली आणि मग क्षमावाणी आली," ते म्हणाले. पर्व संपलं की एका दिवशी हे लोक घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, त्याला क्षमावाणी म्हणतात. आमच्या दारातही अण्णा दरवर्षी हात जोडून, "कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा," म्हणत उभे राहायचे. "सगळ्या गावात हात जोडत फिरलो मी. पुढं बी दरसाल. ज्येंचं काय बी केल्यालं न्हाय त्येंच्या बी दारात गेलो. चंदगडला एकदा बी गेलो न्हाय."

शेवटच्या रविवारी ऋतुजा त्यांना थेट प्रक्षेपणात बोलवणार होती. त्यांनी मला विचारलं, तिथे सांगितलं तर चालेल का. मी म्हटलं, ऋतुजाला आधी सांगा. ते म्हणाले, "आधी सांगितलं तर ती मला समजावंल. लई समजावलं मी मला. आता पुरं."

मी काचेच्या बाहेर बसले होते. ऋतुजाने सुरुवातीलाच 'धीमी ट्राम'चं ते अर्धं मिनिट लावलं आणि विचारलं, "अण्णा, हे वाजवताना मनात काय होतं?"

"मी न्हवतोच तितं," अण्णा म्हणाले. "मी गावाकडं गेलतो. ह्ये वाजिवणाऱ्याचं नाव मिंगेल. ऱ्हाणार तालुका चंदगड. माझं नाव चुकून छापलंय, आणि ते चुकलंय ह्ये मी पन्नास वर्षं सांगितलं न्हाय. त्येच्या जिवावर मी नोकरी केली. एवढंच सांगाय आलोय."

ऋतुजाने घाईघाईने पुढचं गाणं लावलं.

तुम्हाला वाटेल, गहजब झाला असेल. झाला नाही. कुणी विश्वासच ठेवला नाही. निम्मे लोक म्हणाले, वय झालं, आठवणींची सरमिसळ होते. उरलेले म्हणाले, केवढं मोठं मन, मेलेल्या मित्राला स्वतःचं श्रेय दिलं! अजित तर पाकिटाचा फोटोच सगळ्यांना दाखवत फिरला. "नाव छापलंय की वो! छापलेलं खोटं असतंय व्हय?" अण्णा हॉलवर गेले नाहीत, तर मंडळच घरी आलं. ते खुर्चीत बसले असतानाच त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, मांडीवर नारळ ठेवला, फोटो काढला. मी तुम्हाला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं ते याच दिवसाचं. त्यात त्यांच्या विनयाचं कौतुक आहे. फोटोत अण्णा कुणाकडेच बघत नाहीत, हे तुम्ही तेव्हा कदाचित पाहिलं नसेल. मीही पाहिलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी खाली गेले. त्यांनी शाल नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती.

"वैनी, खोटं बोलाय एक दिवस पुरला. खरं पटवाय आता ताकद न्हाय ऱ्हायली."

तरी क्षमावाणीला ते निघाले. ऋतुजाने चंदगडच्या एका श्रोत्याकडून पत्ता काढला आणि स्वतःच गाडी घेतली. तिचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला होता असं नाही. पण आपल्याच कार्यक्रमाने या माणसाला थकवलं, एवढं तिला कळलं होतं. मी सोबतीला. गडहिंग्लजपर्यंत ढग होते, पुढे पावसाने काचेवर काही दिसू दिलं नाही. भाताच्या शेतांत पाणी, वळणावर एसटीला वाट देत देत आम्ही दुपारी पोचलो. अण्णा वाटेत तीन तासांत दोनदाच बोलले. एकदा खिडकी वर करायला सांगितली, एकदा खाली.

मिंगेलची मुलगी रोझी, पन्नाशी ओलांडलेली, घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये काजू फोडून विकते. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं समजून तिने आधी दोन प्रतीचे काजू पुढे ठेवले. "ह्यो मोठा, ह्यो पाकळी. खाऊन बघा, मग बोला."

अण्णांनी नाव सांगितलं.

"मगदूम?" ती हात पुसत म्हणाली. "मुंबईचे? पप्पा घ्यायचे तुमचं नाव. बसा, बसा की."

अण्णा बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, रेडिओवर सांगितलं तसंच, पण जास्त अडखळत. रोझी ऐकत होती. मग ती हसायला लागली, आणि मध्येच थांबली.

"ट्राम! अवो, पप्पा तेच सांगायचे. हेमांगिनीचं कुठलंबी गाणं लागू दे, हे चालू. ट्राम माझी हाय, ट्राम मी वाजवलीय. घरात कोण आलं की आई म्हणायची, थांबा, आता ट्राम सुटणार. आमी पोरं घंटी वाजवायचो." तिने हाताने घंटी वाजवून दाखवली. "माझ्या भावानं एकदा ते पाकीट आणून दाखवलं. म्हणला, पप्पा, तुमचं नाव कुठं हाय? तवापासनं पप्पांनी सांगायचं सोडलं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ऋतुजाने माझा हात धरला.

"तुमचं मन मोठं," रोझी अण्णांना म्हणाली. "म्हातारपणी एवढ्या लांब आलासा. पर पप्पांना जरा घ्यायची सवय होती, आमाला ठाव हाय. तुमी आमच्यासाठी म्हणून म्हणू नका असलं."

तिलाही पटलं नव्हतं. कोल्हापुरात जे झालं तेच इथे होत होतं, आणि मला वाटलं आता हे खाली बसतील. पण ते ऋतुजाकडे वळले. "पोरी, ती ट्राम फोनवर लाव. आवाज मोठा." मग रोझीला म्हणाले, "कानाला लाव. बाई गायच्या आधीचं ऐक. तारंकडं ध्यान दिऊ नको. तारंच्या मागं ऐक. वाजिवताना त्यो नाकातनं गुणगुणायचा. रेकॉर्डिंगवालं वराडायचं, तरी थांबायचा न्हाय. माझ्या सहा गाण्यांत ते न्हाय."

कोल्हापुरात हे सांगून उपयोगच नव्हता. तिथे तो आवाज ओळखणारं कोण होतं?

रोझीने फोन कानाला लावला, पावसाचा आवाज यायला नको म्हणून दुसरा कान तळव्याने दाबला. अर्धं मिनिट गेलं. तिने मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी तिने डोळे मिटले. मग ती काजूच्या पोत्यावर हळूच बसली, जागा न बघता. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ती काय म्हणाली ते आम्हा तिघांनाही कळलं.

अण्णा तिच्यासमोर गेले. हात जोडले. आमच्या दारात दरवर्षी म्हणायचे तेच शब्द, फक्त या वेळी कळत-नकळत असं म्हणाले नाहीत. "मी जाणूनबुजून केलं. मला क्षमा कर," असं म्हणाले. तिचे डोळे मिटलेले होते. एक कान फोनला, दुसऱ्यावर हात.

मी जवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, तिने ऐकलं नाही. पुन्हा म्हणा."

"ऱ्हाऊ दे, वैनी," ते म्हणाले. "तिचं संपू दे."

गाणं संपलं. रोझीने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. अण्णा तसेच उभे राहिले.